पौषातलं गोंदण

“चौदाला गच्चीवर असणार ना तुम्ही? पतंग उडवणार? मग आत्ता नको, दादा. सोळानंतर या.”

फोन ठेवत ती वहीतलं एक नाव खोडते आणि पुढच्या पानावर उतरवते. बोरिवली पश्चिमेला, स्टेशनपासून फार लांब नाही अशा एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचा टॅटू स्टुडिओ आहे. खाली दुकानांत फिरक्या टांगल्यात, फरसाणवाल्याने दारातच उंधियूची पाटी लावलीय, पदपथावर तिळगुळाच्या पाकिटांचे ढीग आहेत. इथली संक्रांत मराठी घरांतली हळदीकुंकवाची आणि गुजराती घरांतली पतंगांची, दोन्ही एकदम येतात. गिऱ्हाइकाला परत का पाठवलं, ते ती हात धुता धुता मला सांगते. ताजा टॅटू घेऊन हा माणूस दोन दिवस भर उन्हात गच्चीवर उभा राहणार, वर मांजाने हात कापून घेणार. त्यापेक्षा चार दिवस थांबलेला बरा.

मी खिडकीजवळच्या बाकावर बसलेय. बसायची परवानगी तिने दोन अटींवर दिलीय: कोणाचा फोटो काढायचा नाही आणि खुर्चीशेजारच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही.

बाहेर थंडी आहे, म्हणजे मुंबईत आपण जिला थंडी म्हणतो ती. सकाळी नॅशनल पार्कच्या फाटकाशी फिरायला आलेली मंडळी कानटोप्या घालून होती, मोबाइल १७ अंश दाखवत होता. दुपारी तो तिशीला टेकेल. १९६२ सालच्या २२ जानेवारीला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेवढी थंडी उपनगरांनी पुन्हा पाहिली नाही. जी काही मिळते ती जेमतेम दीड-दोन महिने. पण या दिवसांत वारा उत्तरेकडून येतो, कोरडा असतो, अंगावर घाम साचत नाही, आणि टॅटू काढणारे याच दिवसांची वाट बघत असतात.

“पावसाळ्यात बाही भिजते,” ती म्हणते. “भिजलेल्या बाहीने लोकलमध्ये चढायचं आणि अंधेरीपर्यंत दहा जणांचे खांदे घासत जायचं. मे महिन्यात घाम, घामोळं, खाज. आत्ता जखमेला निदान कोरडं राहायला मिळतं.”

जखम हा शब्द ती सारखा वापरते. गिऱ्हाइकं टॅटू म्हणतात, डिझाइन म्हणतात, ती जखम म्हणते. मला ते फार पटतं. चित्र पुढे जन्मभर राहणार असलं, तरी पहिले दोन-तीन आठवडे तिथे सोललेली कातडी असते आणि तिची काळजी तशीच घ्यावी लागते. हे जिच्या तोंडून सहज येतं, तिच्या खुर्चीत बसायला हरकत नाही.

पौष महिना तिच्या सोयीचा असण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे पौषात लग्नं काढत नाहीत. माघात, फाल्गुनात ज्यांचे मुहूर्त आहेत त्या मुली आत्ताच येऊन जातात, म्हणजे मेंदी लावायच्या वेळेपर्यंत कातडी पूर्ण भरून आलेली असते. ताज्या टॅटूवर मेंदी चालत नाही, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकली जाते तिच्यात केस रंगवायचं रसायन असतं; त्याने चांगल्या कातडीवरही फोड येऊ शकतात. वहीत तिने अशा मुलींच्या नावापुढे लग्नाची तारीख लिहून ठेवलीय आणि तिथून मागे चार-पाच आठवडे मोजलेत.

अकराच्या सुमाराला मुलुंडहून दोघी येतात. मुलगी पंचेचाळीशीची, बँकेत नोकरीला. आई सत्तरी ओलांडलेली, जुन्नरकडची, नऊवारी नेसलेली, वर मुलीचा जुना स्वेटर. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या गर्दीने दोघी वैतागल्यात. आजी आत येताच चपला कुठे काढायच्या ते विचारतात, मग जागा चांगली निरखून घेतात: पांढऱ्या फरशा, खुर्चीवर ताणून बसवलेलं प्लास्टिक, भिंतीवर वाघ, मोर, महादेव, कोणाच्या तरी बाळाचे पाय.

“पौषात कसलं गं गोंदवतेस?” आजी मुलीला म्हणतात.

“लग्न आहे का, आई? गोंदणच तर आहे.”

आजी जरा थांबतात. “तसं आमच्याकडं पण थंडीतच करायचे म्हणा. जत्रंत. खंडोबाच्या.”

चंपाषष्ठीपासून माघी पौर्णिमेपर्यंत देशावरच्या जत्रांचा हंगाम असतो, आणि जत्रेत गोंदणारीण असायचीच. आजी सांगतात, पावसाळ्यात ती कधी यायची नाही, आणि आली असती तरी कुणी बसलं नसतं, कारण पावसाच्या दिवसांत हात चिघळायचा. मध्य प्रदेशातल्या बैगा स्त्रियांमध्येही गोंदणं थंडीला सुरू होतं आणि पावसाळ्यात बंद ठेवतात. कुणी कागदावर लिहून दिलेला हा नियम नाही. चिघळलेले हात बघून बघून बायकांनी तो बसवलेला आहे, आणि बोरिवलीतली ही वही आज त्याच नियमाने चाललीय.

मुलीला आईचं गोंदण हवंय, तसंच्या तसं. आजी डावी बाही वर सारतात. हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन. खाली तीन पायऱ्या, वर तुळशीच्या दोन फांद्या, बाजूंनी ठिपके. रेषा आता रेषा राहिलेल्या नाहीत, कडा पसरून एकमेकींत मिसळल्यात, आणि रंग निळसर हिरवा दिसतो. भरली होती ती दिव्याची काजळी, काळी कुळकुळीत. कातडीच्या थराखालून बघताना काळा रंग निळा दिसतो, कारण वरच्या थरात निळा प्रकाश जास्त विखुरतो. सगळ्या आज्यांचं गोंदण हिरवट का, याचं उत्तर शाईत शोधायला नको.

ती आजींचा हात दोन्ही हातांत धरून दिव्याखाली घेते आणि बराच वेळ बघते. मग पारदर्शक कागद ठेवून पेनाने उतरवायला लागते. मध्येच विचारते, “आजी, ही पायरी वाकडी होती का पहिल्यापासून?”

“मी हात ओढला ना. आत्यानं धरून ठिवला व्हता तरी ओढला.”

मुलगी लगेच म्हणते, “ती वाकडीच ठेव. सरळ करू नकोस.”

यावर थोडी चर्चा होते, आणि मला या सकाळी सगळ्यात आवडलेलं बोलणं हेच. वाकडेपणा ठेवायला ती तयार आहे, पण ठिपके मूळच्याइतके जवळ द्यायला तयार नाही. शाई वर्षानुवर्षं हळूहळू पसरते. आज एकमेकांना खेटून दिलेले ठिपके वीस वर्षांनी एक डाग होतील. म्हणून ती आजींचा हात मुलीच्या हाताशेजारी ठेवते आणि दाखवते: तुमच्या आईच्या हातावर आज जे दिसतंय ते पन्नास-साठ वर्षांनंतरचं आहे, मला तुमच्या हातावर पहिल्या दिवसाचं काढायचंय. मुलगी मान डोलावते. ठिपक्यांमध्ये अंतर वाढवलं जातं, पायरी वाकडी राहते.

मग तयारी. हा भाग प्रत्येकाने खुर्चीत बसण्याआधी नीट बघावा, म्हणून सावकाश लिहितेय. ती हात धुते, हातमोजे घालते, ट्रॉलीवर नवं प्लास्टिक अंथरते. मशीनच्या वायरीलाही प्लास्टिकची नळी चढवते. सुईचं कार्ट्रिज बंद पाकिटात आहे. पाकिटावरची तारीख मुलीला दाखवून तिच्यासमोर फोडते. बोटाच्या पेरापेक्षा लहान प्लास्टिकच्या टोपणांत शाई ओतते, मोठ्या बाटलीत सुई कधी बुडवत नाही. उरलेली शाई फेकायची, कार्ट्रिज पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात टाकायचं. स्टीलचं जे काही पुन्हा वापरायचं ते ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत. एकाच सुईने रांगेतल्या पंधरा जणांना गोंदण्याचे दिवस फार जुने नाहीत, आणि गर्दीच्या ठिकाणी बॅटरीवरचं मशीन घेऊन बसणाऱ्यांकडे आजही हे सगळं असेलच असं नाही. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही सुईतून येऊ शकतात. पाकीट आपल्यासमोर फुटलं नाही, तर उठून यावं. लाज वाटायचं कारण नाही.

“काही खाऊन आलात ना? ॲस्पिरिन वगैरे काही घेता? साखर?”

“उपमा खाल्लाय. गोळ्या नाहीत. साखर आईला आहे, मला नाही.”

हात साबणाने पुसून, दाढीच्या रेझरने लव काढून, ती जांभळ्या शाईचा स्टेन्सिल दाबून बसवते. कागद सोलल्यावर मुलीच्या हातावर आईचं वृंदावन उमटलेलं असतं. आजी चष्मा लावून वाकतात, आपला हात आणि तिचा हात आळीपाळीने बघतात, काही बोलत नाहीत, नुसत्या खुर्ची ओढून जवळ बसतात.

मशीन सुरू होतं. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक आहे. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला की ऐकूही येत नाही. ती डाव्या हाताने कातडी ताणून धरते, उजव्या हाताने रेघ ओढते, तीन-चार सेंटिमीटर ओढली की थांबते, ओल्या टिश्यूने पुसते. शाई बाजूला निघते आणि खाली बारीक, चकचकीत काळी रेघ उरते, तिच्या दोन्ही काठांना कातडी गुलाबी फुगलेली. रक्त जवळजवळ नाहीच, एखाददुसरा टिपूस. सुई एक-दोन मिलिमीटर आत जाते, वरचा थर ओलांडून खालच्या थरापर्यंत. वरवर राहिली तर शाई खपलीबरोबर निघून जाईल, जास्त खोल गेली तर आतल्या आत पसरून निळसर सावली धरेल. हा मिलिमीटरचा हिशोब तिच्या मनगटात आहे. मनगटाकडची कातडी पातळ, तिथे ती हात हलका करते. कोपराकडे जरा भार देते.

शाई आत टिकते कशी, याचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. शरीर रंगाच्या कणांना उपरे समजतं आणि पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ साली मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मेल्या की रंग बाहेर पडतो आणि नव्या आलेल्या पेशी तोच पुन्हा गिळतात. आजींच्या हातावरची काजळी अशी पेशींच्या कितीतरी पिढ्यांनी एकमेकींकडे सोपवलेली आहे, आणि प्रत्येक वेळी काठाशी थोडी सरकलेली. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मिळाल्या, त्याही काजळीच्याच.

“दुखतंय?” आजी विचारतात.

“थोडं. मनगटाकडे जास्त.”

“आम्हाला तर सुया बांधून टोचायची. तीन-चार सुया, दोऱ्यानं बांधलेल्या. काजळी, तेल आन् कसला तरी पाला. हात सुजून भाकरी थापता येईना. आज्जी म्हणायची, मेल्यावर दागिना काढून घेत्यात, ह्यो कुणी काढून घेत न्हाई.”

मशीन क्षणभर थांबतं. ती टिश्यू बदलते आणि पुन्हा कामाला लागते.

मधल्या वेळात दारावर माणसं येत राहतात. साडेअकराला एक सडसडीत गृहस्थ, पायात धावायचे बूट. पुढच्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आहे, त्याआधी दंडावर धावणारी आकृती हवीय. ती मशीन न सोडता म्हणते, “मॅरेथॉन झाल्यावर या. आत्ता केलात तर आठवडाभर घाम, मिठाने चुरचुरेल, बनियनची शिवण घासेल.”

“बरं, मग २० तारखेला येतो. नाहीतरी २६ जानेवारीला सोसायटीत रक्तदान शिबिर आहे, तेव्हा मिरवता येईल.”

“रक्त देणार आहात? मग आधी रक्त द्या, मग या. टॅटूनंतर बारा महिने रक्त घेत नाहीत.”

हे त्यांना ठाऊक नव्हतं. दर वर्षी रक्त देतात म्हणे. जरा वेळ दारातच उभे राहतात, हिशोब करतात, आणि फेब्रुवारीतली तारीख घेऊन जातात. एक बाटली रक्त या संभाषणाने वाचलं, असं माझ्या मनात येतं.

त्यांच्यानंतर कांदिवलीचा एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत राजमुद्रा हवी म्हणून आलेला. आधार कार्ड हातातच घेऊन आलाय, अठरा पूर्ण असल्याचा पुरावा. ती त्याची छाती, केसांची कापणी, बुटांवरची लाल माती बघते आणि विचारते, “भरतीची तयारी करतोयस का?”

“हो ताई. बीएसएफ नाहीतर सीआयएसएफ.”

“मग हे करू नकोस.”

मुलाचा चेहरा पडतो. ती त्याला बसवते. केंद्रीय दलांच्या भरतीत टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, आणि त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान. उजवा हात सलामीचा. कोपरापर्यंतची राजमुद्रा घेऊन तो वैद्यकीय तपासणीला उभा राहिला, तर धावण्यात आणि लेखी परीक्षेत मिळवलेलं सगळं तिथेच जाईल. “भरतीची जाहिरात नीट वाच, तुझ्या मास्तरांना विचार. भरती झाल्यावर ये, तेव्हा नियमात बसेल तेवढी काढून देईन.” तो ‘थँक्यू ताई’ म्हणून जिना उतरतो. महाराजांवरच्या प्रेमापोटीच तो आला होता, आणि त्या प्रेमापायी नोकरी गमवायची वेळ आली नाही याचा मला मनापासून आनंद होतो. या धंद्यात हात चांगला असलेले पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाला परत पाठवणारे थोडे. सकाळपासून तिने तिघांना परत पाठवलंय, आणि तिघांच्याही भल्यासाठी.

बाराला घाटकोपरची एक कॉलेजातली मुलगी हात दाखवायला येते. दंडावर मोगऱ्याची डहाळी, नऊ दिवसांची. स्वेटर काढताना तोंड वाकडं करते, कारण लोकर खपलीला चिकटलीय. जवळून बघितलं तर वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत चाललीय, पापुद्र्यांतही काळा रंग आहे, त्यामुळे टॅटूच गळून पडतोय की काय असं वाटतं. तो गळत नाही. पापुद्र्याखाली रेघ आहे, जरा फिकट, दुधाळ दिसतेय, महिन्याभरात उजळेल. पण डहाळीच्या टोकाशी दोन ठिकाणी रेघ तुटलीय.

“खाजवलंस?”

“झोपेत, ताई. फार खाज येते हो रात्री.”

“आणि हे पिवळं काय?”

“आईने हळद लावली, खोबरेल तेलातून. आणि आंघोळीला गरम पाणी, थंडी आहे म्हणून.”

ती रागावत नाही. हिवाळा टॅटूला चांगला, पण त्याचीही एक खोड आहे, ती मुलीला समजावते. हवा कोरडी, त्यात गिझरचं कडकडीत पाणी, त्यामुळे कातडीवरचा तेलकटपणा जातो, कातडी ओढते, खाज सुटते, हात आपोआप तिथे जातो. मग घरातली माणसं मायेने जाड थर देतात: तेल, हळद, पेट्रोलियम जेली, पिढ्यानपिढ्या घरात असलेलं एखादं अँटिसेप्टिक मलम. जाड थराखाली जखम ओलसर कोंडते, पुळ्या येतात, खपली मऊ होऊन शाईसकट निघते. हळदीने फिकट रंगही पिवळा दिसतो आणि लाली आलीय का ते कळत नाही. “कोमट पाण्याने, बिनवासाच्या साबणाने, दिवसातून दोनदा. टिपून कोरडं कर, घासू नकोस. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, मुगाएवढं, चोळून जिरेल एवढंच. खाज आली तर हलकेच थोपट. स्वेटरच्या आत जुनी सुती बाही घाल. तुटलेल्या रेघा महिन्याने भरू, आत्ता सुई लावणार नाही.”

मग ती दंडाला हाताची पाठ लावून बघते. गरम नाही. लाली बाहेर पसरलेली नाही. पू नाही. “यातलं काही झालं किंवा ताप आला, तर मला फोटो पाठवत बसू नकोस, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मी डॉक्टर नाही.”

आजी हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. हळदीचा मुद्दा त्यांना अजिबात पटलेला नाही.

“आम्ही हळदच लावली की. येरंडेल तेल आन् हळद. बरं झालं ना?”

“झालं, आजी. पण हात सुजून भाकरी थापता येईना, असं मघाशी तुम्हीच म्हणालात.”

आजी हसतात. मुलगी हसते तेव्हा हात हलतो, आणि मशीन पटकन उचललं जातं.

सव्वा वाजता काम संपतं. शेवटी ठिपके राहिले होते. ते ती एकेक करून देते, सुई सरळ उभी धरून, श्वास रोखून. हिरव्या साबणाच्या पाण्याने सगळं धुतल्यावर वृंदावन समोर येतं, कडक काळं, आजूबाजूची कातडी लाल. वाकडी पायरी वाकडी आहे. ती त्यावर पारदर्शक चिकट फिल्म लावते, जिला सगळे ‘सेकंड स्किन’ म्हणतात. उन्हाळ्यात घामाने ती दुसऱ्या दिवशीच सुटते. या दिवसांत दोन-तीन दिवस बसते. आत पाणी, शाई, थोडं रक्त साचून काळसर फुगा दिसेल, घाबरायचं नाही. कडेने गळायला लागली किंवा खाली पुरळ आलं तर लगेच काढायची, कोमट पाण्याखाली धरून, हळूहळू.

सूचनांचा कागद मराठीत छापलेला आहे. मुलगी वाचण्याआधी आजीच तो घेतात आणि मोठ्याने वाचायला लागतात. दोन आठवडे समुद्र नाही, तलाव नाही. ऊन नाही, पूर्ण बरं झाल्यावर सनस्क्रीन. व्यायामशाळा नाही. खपली काढायची नाही. बाहेर जाताना सैल सुती बाही, कारण मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची धूळ याच दिवसांत खाली बसून राहते. हळदीबद्दल कागदात काही नाही. आजी तो तिच्यासमोर धरतात. “लिही मग हितं. आमच्या घरात सून हाये, ती लावल न्हाईतर.” ती पेन घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिते: हळद नाही, तेल नाही.

मग आजी आपला हात पुढे करतात. वृंदावनाच्या डाव्या बाजूचा एक ठिपका पार पुसट झालाय. “एवढा एक भरून दे की. पैशे घे.”

ती तो हात पुन्हा दिव्याखाली घेते. कातडी कागदासारखी पातळ, खाली निळ्या शिरा. “साखर आहे म्हणालात ना, आजी. कशी असते? आणि रक्त पातळ व्हायची गोळी घेता?”

“घेते. छातीत दुखलं व्हतं तवापास्नं.”

“मग नाही.”

“एक ठिपका गं!”

“एकही नाही. गोळीमुळे रक्त थांबायला वेळ लागेल, साखरेमुळे भरायला. आणि ठिपक्यासाठी गोळी मनाने बंद करायची नाही, आजी, सांगून ठेवते. तुमच्या डॉक्टरांनी लेखी हो म्हटलं तर पुढच्या थंडीत बघू.”

आजी जरा वेळ तिच्याकडे बघतात, हात मागे घेतात, बाही खाली ओढतात. मग मुलीकडे वळतात आणि आवाज एकदम घरचा होतो.

“सोळा तारखेचं हळदीकुंकू पुढं ढकल. पन्नास बाया येणार, हातात हात घेणार, अत्तर लावणार, गुलाबपाणी उडवणार. रथसप्तमीपर्यंत चालतंय. वैनीला फोन लाव, मी बोलते.”

मुलगी उजव्या हाताने फोन काढते, नंबर लावून आईच्या कानाशी धरते. आजी जिन्याकडे चालता चालता पलीकडच्या बाईला अत्तराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागतात. खुर्चीवरचं प्लास्टिक खसकन ओढून काढलं जातं, ती हातमोजे टाकते, हात धुते आणि वहीत पुढचं नाव बघते: साडेतीनला, अंधेरीहून, लग्न माघात.